स्फटिक काचपात्रांतून पेयात उतरणारे शिसे

शिसेयुक्त स्फटिक काचेच्या, म्हणजेच क्रिस्टलच्या, पेल्यांत, सुरयांत व डिकँटरमध्ये ठेवलेल्या पेयांत काचेतील शिसे विरघळून मिसळते. या क्रियेला शिसे उतरणे किंवा शिशाचे पाझरणे असे म्हणतात. पेय जितके आंबट आणि ते पात्रात राहण्याचा काळ जितका जास्त, तितके अधिक शिसे उतरते. शिसे हा संचयी विषारी धातू असून त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित असल्याचे आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. त्यामुळे अशी पात्रे कशी वापरावीत, कोणी वापरू नयेत आणि त्यांत काय साठवू नये याविषयी मार्गदर्शक सूचना देण्यात येतात. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्या बाबतीत त्या अधिक कडक आहेत.

व्याख्या व वर्गीकरण

'स्फटिक काच' हे नाव काहीसे फसवे आहे. खनिजशास्त्रात स्फटिक म्हणजे ज्याचे अणू ठरावीक रचनेत मांडलेले असतात असा घन पदार्थ. काचेची रचना मात्र अस्फटिकी असते. देवघरातील नैसर्गिक स्फटिकाचे शिवलिंग किंवा स्फटिकाची माळ क्वार्ट्‌झ या खनिजाची, म्हणजे सिलिकाची असते व तिच्या घटनेत शिसे नसते. काचपात्रांना हे नाव केवळ त्यांच्या स्वच्छ, झळाळत्या रूपामुळे मिळाले आहे.

नेहमीची काच वाळू (सिलिका), सोडा व चुना यांपासून बनते. शिसेयुक्त काचेत चुन्याची जागा मुख्यतः लेड ऑक्साइड घेते व सोड्याऐवजी बहुधा पोटॅशचा वापर होतो. युरोपीय समुदायाने इ.स. १९६९ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार या काचेचे पुढीलप्रमाणे वर्ग पाडले जातात :

* पूर्ण शिसेयुक्त स्फटिक काच : लेड ऑक्साइड किमान ३० टक्के, घनता किमान ३.००
* शिसेयुक्त स्फटिक काच : लेड ऑक्साइड किमान २४ टक्के, घनता किमान २.९०
* स्फटिकसदृश काच : शिसे, बेरियम, जस्त व पोटॅशियम यांची ऑक्साइडे एकेकटी किंवा मिळून किमान १० टक्के

तिसऱ्या वर्गातील काचेत शिसे असेलच असे नाही. त्यामुळे वेष्टनावर केवळ 'क्रिस्टल' असे छापलेले असल्यास त्यावरून पात्रात शिसे आहे किंवा नाही, हे निश्चित सांगता येत नाही.

शिशामुळे काचेचा वक्रीभवनांक वाढतो आणि पैलूंवर पडलेला प्रकाश अधिक झळाळतो. काच कमी तापमानाला मऊ होते, अधिक वेळ घडवता येते आणि थंड झाल्यावर तिच्यावर नक्षी कोरणे सोपे जाते. पात्र वजनदार होते व कडेवर टिचकी मारल्यास दीर्घकाळ घुमणारा नाद येतो. या गुणांमुळेच शिसेयुक्त काच प्रतिष्ठेची मानली गेली.

इतिहास

इंग्लंडमधील काच उत्पादक जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याला इ.स. १६७४ मध्ये स्फटिकासारख्या काचेचे एकस्व मिळाले. सुरुवातीच्या काचेवर बारीक तडे पडत असत. काचेत लेड ऑक्साइड मिसळून त्याने हा दोष दूर केला. पुढे इंग्लंड, आयर्लंड व फ्रान्समध्ये हा उद्योग वाढला. ब्रिटिश काळात अशी पात्रे भारतातही आली. मुंबईतील चोरबाजारासारख्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत कट ग्लासचे पेले व सुरया आजही विक्रीला असतात.

महाराष्ट्रातील काचउद्योगाची वाट वेगळी होती. स्वदेशी चळवळीच्या काळात लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे इ.स. १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. कराडजवळील ओगलेवाडी येथे इ.स. १९१६ मध्ये स्थापन झालेला ओगले काच कारखाना 'प्रभाकर' कंदिलामुळे घराघरांत पोहोचला. या उद्योगाची ओळख कंदील व चिमण्या यांसारख्या उपयोगी वस्तूंशी जोडलेली राहिली.

पेयातील शिशामुळे होणारी विषबाधा मात्र शिसेयुक्त काचेपेक्षा जुनी आहे. प्राचीन रोममध्ये द्राक्षरस शिशाच्या भांड्यांत आटवला जाई. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सफरचंदाची मदिरा पिणाऱ्यांना होणाऱ्या तीव्र पोटशुळाचे कारण मदिरेत उतरलेले शिसे हे आहे, असे जॉर्ज बेकर या वैद्याने इ.स. १७६७ मध्ये दाखवून दिले.

शिसे उतरण्याची प्रक्रिया

काचेच्या सिलिका जाळीत शिसे व पोटॅशियम यांचे आयन अडकलेले असतात. आंबट द्रव काचेला लागला की त्यातील हायड्रोजन आयन पृष्ठभागात शिरतात आणि त्यांच्या बदल्यात शिसे व पोटॅशियम यांचे आयन बाहेर पडतात. सुरुवातीला हा वेग अधिक असतो. पृष्ठभागाजवळचे शिसे कमी झाल्यावर तो मंदावतो, परंतु थांबत नाही. पेयाचा रंग, वास किंवा चव यांवरून उतरलेले शिसे ओळखता येत नाही.

ही क्रिया पुढील बाबींवर अवलंबून असते :

* आंबटपणा : लिंबूरसाचा सामू २ ते २.६ च्या आसपास, तर वाइनचा साधारणतः ३ ते ४ असतो. दुधाचा सामू ६.६ च्या जवळपास असतो. लिंबू सरबत, कोकम सरबत, कैरीचे पन्हे व ताक ही पेये आंबट गटात मोडतात. सायट्रिक आम्ल शिशाला बांधून घेते, त्यामुळे लिंबूवर्गीय रसांत शिसे अधिक सहज उतरते.
* काळ : जेवणापुरते पेल्यात राहिलेले पेय आणि महिनोन्‌महिने डिकँटरमध्ये राहिलेले पेय यांतील शिशाच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक पडतो.
* तापमान : उष्ण द्रवात क्रिया वेगाने होते.
* काचेचा दर्जा : शिशाचे प्रमाण जास्त असल्यास किंवा पृष्ठभाग झिजलेला, ओरखडलेला असल्यास अधिक शिसे उतरू शकते.
* द्रव व पृष्ठभाग यांचे प्रमाण : मोठ्या पात्राच्या तळाशी थोडेच पेय उरल्यास द्रवाच्या मानाने काचेचा स्पर्श जास्त होतो.

प्रमुख संशोधन

कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ ग्राझियानो व कॉनराड ब्लम यांचा 'द लॅन्सेट' या नियतकालिकात इ.स. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी पोर्ट वाइन स्फटिक काचेच्या डिकँटरमध्ये ठेवली. सुरुवातीला तिच्यात शिशाचे प्रमाण लिटरला ८९ मायक्रोग्रॅम होते. चार महिन्यांनी ते ३,५१८ मायक्रोग्रॅम झाले. दीर्घकाळ डिकँटरमध्ये राहिलेल्या मद्यांच्या पाहणीत लिटरला २१,५३० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे आढळले. पेल्यांच्या चाचणीत वाइनमधील सरासरी प्रमाण ३३ मायक्रोग्रॅमवरून एका तासात ६८ आणि चार तासांत ९९ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर इतके वाढले.

भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे चालते व या मर्यादेत सवलत नाही. त्या मोजमापाने चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमधील शिसे सुमारे ३५० पट होते. चार तास पेल्यात राहिलेल्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक पेला प्यायल्यास सुमारे १५ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातील शिशासाठी ठरवलेली अंतरिम संदर्भ पातळी प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम व मुलांसाठी २.२ मायक्रोग्रॅम आहे. वाइन व पाणी यांच्या सेवनाचे प्रमाण सारखे नसल्याने ही तुलना केवळ अंदाजासाठी आहे. मात्र पेल्यातून क्वचित पिणे आणि डिकँटरमध्ये साठवणे या दोन गोष्टींतील धोक्याचे अंतर तीवरून स्पष्ट होते.

आरोग्यावरील परिणाम

शिशाचे शरीरात कोणतेही उपयुक्त कार्य नाही. कॅल्शियमशी असलेल्या साधर्म्यामुळे ते हाडांत साठते व तेथे अनेक वर्षे राहते. गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात हाडांतील शिसे पुन्हा रक्तात येऊ शकते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास शोषण वाढते. मुलांमध्ये बुद्ध्यंक, एकाग्रता व शिकण्याची क्षमता यांवर परिणाम होतो आणि तो बहुधा भरून निघत नाही. प्रौढांमध्ये रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडाचे विकार, रक्तक्षय व मज्जासंस्थेचे विकार उद्भवतात. अल्प प्रमाणातील बाधेत बाह्य लक्षणे दिसतीलच असे नाही. रक्ततपासणी हाच निदानाचा विश्वसनीय मार्ग आहे.

अन्नातील मिश्रके व दूषकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शिशाची पूर्वीची सह्य साप्ताहिक मात्रा इ.स. २०१० मध्ये मागे घेतली. आरोग्याचे रक्षण करील अशी मात्रा ठरवणे शक्य नाही, हे त्यामागचे कारण होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी इ.स. २०२१ मध्ये डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या इ.स. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून संपर्क थांबवावा.

मानके व कायदे

काचपात्रांतून उतरणारे शिसे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आय. एस. ओ. ७०८६ या मानकात दिली आहे. पात्रात ४ टक्के ॲसिटिक आम्लाचे द्रावण भरून ते सुमारे २२ अंश सेल्सिअस तापमानाला २४ तास ठेवतात व नंतर द्रावणातील शिसे मोजतात. इ.स. २००० च्या आवृत्तीतील कमाल मर्यादा अशा आहेत :

* ६०० मिलिलिटरपेक्षा लहान खोलगट पात्रे : लिटरला १.५ मिलिग्रॅम
* ६०० मिलिलिटर ते ३ लिटरची पात्रे : लिटरला ०.७५ मिलिग्रॅम
* त्याहून मोठी साठवणीची पात्रे : लिटरला ०.५ मिलिग्रॅम

या मर्यादा पात्रासाठी आहेत, पेयासाठी नाहीत. चाचणी एका दिवसाची असल्याने तीत उत्तीर्ण झालेल्या डिकँटरमध्ये मद्य महिनोन्‌महिने ठेवणे सुरक्षित आहे, असा अर्थ काढता येत नाही.

भारतात काच, चिनी माती व मुलाम्याच्या भांड्यांतून उतरणाऱ्या विषारी द्रव्यांसाठी आय. एस. ९८०६ हे मानक आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०१८ च्या वेष्टन विनियमांनुसार अन्नाच्या संपर्कात येणारे वेष्टनसाहित्य अन्नयोग्य असणे आवश्यक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 'प्रपोझिशन ६५' या कायद्याखाली शिशासाठी दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम ही पातळी धरली असून त्याहून अधिक संपर्क घडवणाऱ्या वस्तूंवर इशारा छापावा लागतो. परदेशातून आणलेल्या किंवा भेट मिळालेल्या पात्रांच्या खोक्यावर असा इशारा आढळल्यास तो शिशासंबंधी आहे का, हे वाचून घ्यावे.

मुंबई व महाराष्ट्रातील संदर्भ

स्फटिक काच हा शिशाच्या अनेक स्रोतांपैकी एक आहे. शरीरात साठणाऱ्या शिशाची बेरीज होत असल्याने तिचा विचार इतर स्रोतांसह करावा लागतो. मुंबईत शिशाचा मोठा स्रोत दीर्घकाळ पेट्रोल हा होता. चेंबूरजवळील माहुल येथे इ.स. १९५० च्या दशकाच्या मध्यास दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्या काळी इंजिनातील ठोका टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची पद्धत जगभर रूढ होती. मुंबईसह चार महानगरांत इ.स. १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि इ.स. २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. माहुलच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे मांडलेला व इ.स. २०२० च्या निकालामुळे गाजलेला प्रदूषणाचा प्रश्न मात्र मुख्यतः बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचा आहे, शिशाचा नव्हे.

माहुलला लागून असलेल्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मुंबईतील हवेतील शिसे व मुलांच्या रक्तातील शिसे यांचा संबंध तपासला. हा अभ्यास इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (१९९८-९९) मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे मोजण्यात आले. त्यांपैकी १,०८१ मुलांच्या माहितीचे विश्लेषण इ.स. २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ७६ टक्के मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे होते. मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालणे व रक्तातील शिसे यांचा संबंधही त्यात दिसून आला. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या इ.स. २०२० च्या अहवालात भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला आहे.

भांड्यातून अन्नात धातू उतरतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील घरांना अपरिचित नाही. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, कढी किंवा आमटी कळकते, म्हणून त्यांना कल्हई करण्याची रीत आहे. अन्न भेसळ प्रतिबंध नियम, १९५५ मध्येही नीट कल्हई न केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांतील अन्न खाण्यास अयोग्य मानले होते. मात्र कळकलेले अन्न चवीवरून व रंगावरून कळते; शिसे उतरलेले पेय कळत नाही. कल्हईसाठी शुद्ध कथलाऐवजी शिसेमिश्रित कथील वापरल्यास रक्षणासाठी दिलेला थरच शिशाचा स्रोत बनतो.

सुरक्षा मार्गदर्शक सूचना

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इ.स. १९९१ मध्ये दिलेला सल्ला आणि वर दिलेले संशोधन यांवर पुढील सूचना आधारलेल्या आहेत :

* शिसेयुक्त पात्रात कोणतेही पेय साठवू नये. समारंभापुरता डिकँटर वापरल्यास उरलेले पेय त्याच दिवशी मूळ बाटलीत न ओतता टाकून द्यावे व पात्र धुऊन ठेवावे.
* अशी पात्रे रोजच्या वापरात ठेवू नयेत.
* गर्भवती, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या व स्तनदा स्त्रियांनी तसेच मुलांनी ही पात्रे वापरू नयेत. बाळाला शिसेयुक्त काचेच्या बाटलीतून किंवा पेल्यातून दूध, पाणी वा रस कधीही देऊ नये.
* लिंबू व कोकम सरबत, पन्हे, फळांचे रस, शिर्का व लोणची अशा पात्रांत ठेवू नयेत. गरम चहा-कॉफीही त्यांत ओतू नये.
* नवे पात्र वापरण्यापूर्वी शिर्क्यात २४ तास भिजवून धुतल्यास पृष्ठभागावरील शिसे काही प्रमाणात कमी होते. ते पूर्ण जात नाही. भिजवलेला शिर्का टाकून द्यावा.
* तीव्र क्षारयुक्त साबणाने किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात ही पात्रे धुऊ नयेत. त्याने काचेचा पृष्ठभाग झिजतो.
* चरे पडलेले, टवके उडालेले किंवा आतून पांढुरके झालेले पात्र केवळ शोभेसाठी ठेवावे.
* अशा पात्रात पेय दीर्घकाळ साठवून प्यायले गेले असल्यास, विशेषतः घरात लहान मूल किंवा गर्भवती स्त्री असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिसे तपासून घ्यावे. शरीरातील शिसे बाहेर काढणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. घरगुती उपाय त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

शिसेयुक्त काच ओळखणे

वजन, घुमणारा नाद व पैलूंवर दिसणारे सप्तरंग यांवरून तर्क करता येतो, परंतु बेरियम किंवा जस्त असलेल्या काचेतही हे गुण थोडेफार आढळतात. पात्राच्या तळावरील किंवा खोक्यावरील मजकुरात २४ किंवा ३० टक्के लेड ऑक्साइड असा उल्लेख असल्यास शंका राहत नाही. बाजारात मिळणाऱ्या रंगबदलाच्या घरगुती चाचण्या पृष्ठभागावर सुटलेले शिसे दाखवतात. काचेच्या आत बांधलेले शिसे त्यांत सुटून जाऊ शकते. क्ष-किरण प्रतिदीप्ती उपकरणाने काचेतील शिशाचे प्रमाण कळते, तर पेयात किती शिसे उतरते हे प्रयोगशाळेतील आम्लचाचणीने ठरते. जुन्या, बिनखुणेच्या कट ग्लासमध्ये शिसे आहे असे धरून चालणे श्रेयस्कर ठरते.

पर्याय

शिशाऐवजी बेरियम, जस्त, टायटॅनियम किंवा झिर्कोनियम यांची ऑक्साइडे वापरून तशीच झळाळी असलेली शिसेविरहित स्फटिक काच आता अनेक उत्पादक बनवतात. रोजच्या वापरासाठी साधी सोडा-चुना काच पुरेशी आहे, तर गरम पेयांसाठी बोरोसिलिकेट काच योग्य ठरते. दोन्ही प्रकारांच्या घटनेत लेड ऑक्साइड घातलेले नसते. मात्र काचेवर बाहेरून केलेल्या रंगीत नक्षीच्या रंगद्रव्यांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते, म्हणून ओठांना लागणाऱ्या कडेपर्यंत रंगवलेले पेले टाळावेत. स्टेनलेस स्टीलचे पेलेही शिशाच्या दृष्टीने सुरक्षित आहेत.

हे सुद्धा पहा

* शिसे
* शिशाची विषबाधा
* काच
* कल्हई
* बोरोसिलिकेट काच
* माहुल